नाव ‘बाबां’चं, ओळ भलतीच! गाण्याचं शीर्षक आणि ओठांवरचे शब्द वेगळे का असतात?

श्रीगोंदा : वरातीत डीजेवाल्याकडे फर्माईश घेऊन येणारा माणूस गाण्याचं नाव सांगतोच असं नाही. तो दोन शब्द गुणगुणतो, एखादी स्टेप करून दाखवतो, नाहीतर सरळ ‘ते बाराचं लाव’ म्हणतो. डीजेवाल्याला कळतं. मोबाइलच्या सर्च बारला मात्र कळेलच याची खात्री नसते. कारण कंपनीने गाण्याला दिलेलं नाव एक असतं आणि लोकांच्या तोंडी बसलेली ओळ दुसरी.

असा घोळ झालेल्या जगभरातल्या गाण्यांची यादी कुणीही काढली तरी एक इंग्रजी गाणं हमखास वरच्या रांगेत येतं. त्या गाण्याच्या नावात जे ‘बाबा’ आहेत, त्यांची समाधी नगर-दौंड रस्त्यावर अरणगावजवळ आहे. श्रीगोंदा रोड स्टेशनवरून नगरच्या दिशेने निघालेली गाडी शहर येण्याआधी त्याच परिसरातून जाते. ज्यांनी हे गाणं कधी ऐकलेलं नाही, अशा कित्येकांनी खिडकीतून ती टेकडी पाहिलेली असते.

अरणगावची समाधी, लंडनचं गाणं

मेहेरबाबा यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुण्यात एका इराणी पारशी कुटुंबात झाला. मूळ नाव मेरवान शेरियार इराणी. १० जुलै १९२५ पासून त्यांनी मौन धरलं आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवेपर्यंत ते पाळलं. आधी अक्षरं लिहिलेल्या फळीवर बोट ठेवून आणि पुढे नुसत्या खुणांनी ते संवाद साधत. मेहेराबादला दरवर्षी ३१ जानेवारीच्या अमरतिथीला देशा-परदेशातून लोक येतात, हे नगरकरांना नवीन नाही.

साठच्या दशकाच्या शेवटी त्यांच्याकडे ओढला गेलेला एक परदेशी म्हणजे पीट टाउनशेंड. ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवादक आणि मुख्य गीतकार. हा बँड त्या काळी प्रचंड आवाजासाठी आणि कार्यक्रमाच्या शेवटी स्टेजवर गिटार फोडण्यासाठी प्रसिद्ध होता. चव्वेचाळीस वर्षं न बोललेल्या गुरूचा शिष्य इतका गोंगाट करणारा निघावा, यातली गंमत तेव्हाही लोकांच्या लक्षात आली असणार. या बँडच्या १९६९ सालच्या ‘टॉमी’ अल्बमच्या वेष्टनावर श्रेयनामावलीत मेहेरबाबांचं नाव छापलेलं आहे.

‘टॉमी’नंतर टाउनशेंड यांनी ‘लाइफहाउस’ नावाची एक मोठी विज्ञानकथा संगीतातून मांडायला घेतली. माणसाची माहिती, म्हणजे त्याची उंची, वजन, नाडीचे ठोके वगैरे, सिंथेसायझरला पुरवायची आणि त्यातून त्या माणसाचं स्वतःचं संगीत तयार करायचं, अशी त्यातली एक कल्पना होती. आज एखाद्या ॲपने असं काही केलं तर कुणी वळूनही पाहणार नाही. १९७१ साली ही कल्पना बँडमधल्या बाकीच्यांनाही नीट समजत नव्हती. मेहेरबाबांची अशीच माहिती यंत्रात घालून काय सूर निघतील, हा त्या गाण्यामागचा मूळ विचार असल्याचं सांगितलं जातं. प्रत्यक्षात सुरुवातीचा तो गरगर फिरणारा आवाज लॉरी कंपनीच्या घरगुती ऑर्गनमधून निघाला. एकच स्वर आपोआप पुन्हापुन्हा वाजवण्याची सोय त्या ऑर्गनमध्ये होती.

स्वरांचे छोटे तुकडे पुन्हापुन्हा फिरवून संगीत उभं करण्याची ही पद्धत अमेरिकन संगीतकार टेरी रायली यांची. रायली हे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य आणि प्राणनाथ किराणा घराण्याचे, म्हणजे ज्या घराण्याचे भीमसेन जोशी, त्याच घराण्याचे. तर मेहेरबाबांमधले ‘बाबा’ आणि रायली यांचं आडनाव थोडं आयरिश वळणाने, असं जोडून गाण्याचं नाव झालं ‘बाबा ओ’रायली’.

‘लाइफहाउस’ पूर्ण झालंच नाही. त्यातली वाचलेली गाणी ऑगस्ट १९७१ मध्ये ‘हूज नेक्स्ट’ या अल्बममध्ये आली आणि त्यातलं पहिलंच गाणं हे. पण गाण्याच्या शब्दांत ना बाबा आहेत, ना रायली. गाण्यातला माणूस शेतात राबणारा आहे, घरदार घेऊन दूर निघालेला आहे. मधेच गाणं थांबल्यासारखं होतं आणि तरुणांच्या उजाड माळरानाबद्दलचे दोन शब्द येतात. तेच दोन शब्द लोकांनी उचलले. अमेरिकेत आजही अनेक जण या गाण्याला ‘टीनेज वेस्टलँड’ म्हणूनच ओळखतात. गंमत म्हणजे, टाउनशेंड यांचं त्या नावाचं वेगळं गाणंही आहे. ते आधीचा कच्चा मसुदा म्हणून नंतर प्रसिद्ध झालं, त्यामुळे गोंधळात भरच पडली.

नाव जुळत नाही म्हणून गाण्याचं काही बिघडलं का? विक्रीच्या दृष्टीने नाही. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘सीएसआय: न्यूयॉर्क’ या मालिकेचं शीर्षकसंगीत म्हणून ते घराघरांत पोहोचलं. पण नावातून मिळणारा दुवा तुटला. ‘टीनेज वेस्टलँड’ म्हणून गाणं ऐकणाऱ्याला त्यामागे नगर जिल्ह्यातला कुणी मौनी बाबा आहे, हे कळायला मार्ग उरला नाही. शिवाय त्या दोन शब्दांमागे संगीत महोत्सवांतल्या तरुणांची अवस्था पाहून आलेली खंत होती. लोकांनी त्यांचा जल्लोष केला.

तेच बाबा, उलटं उदाहरण

याच्या अगदी विरुद्ध टोकाचं गाणंही त्याच समाधीशी जोडलेलं आहे. ‘डोन्ट वरी, बी हॅपी’ हे मेहेरबाबांचं आवडतं वाक्य होतं. त्यांच्या फोटोखाली हे शब्द छापलेली पोस्टर्स आणि कार्डं साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेत बरीच फिरली. असंच एक पोस्टर गायक बॉबी मॅकफेरिन यांनी सॅन फ्रान्सिस्कोमध्ये ‘टक अँड पॅटी’ या संगीतकार जोडप्याच्या घरी पाहिलं आणि त्यावरून गाणं बांधलं.

१९८८ मध्ये हे गाणं आलं. त्यात एकही वाद्य नाही. शीळ, चुटक्या, पार्श्वस्वर, सगळं मॅकफेरिन यांनी स्वतःच्या तोंडाने आणि हातांनी केलेलं. वाद्यांविना बांधलेलं आणि अमेरिकेच्या ‘बिलबोर्ड हॉट १००’ यादीत पहिल्या क्रमांकावर गेलेलं ते पहिलं गाणं. १९८९ च्या ग्रॅमी सोहळ्यात त्याला वर्षातलं सर्वोत्तम गीत म्हणूनही पुरस्कार मिळाला.

इथे नाव आणि ध्रुवपद एकच. चुकायला जागाच नाही. तरी लोक चुकले, आणि ते गाण्याच्या नावात नव्हे तर गायकाच्या नावात. इंटरनेटवर एमपीथ्री फायली फिरू लागल्या त्या काळात कुणीतरी या गाण्याच्या फाइलला बॉब मार्ले यांचं नाव दिलं. रेगेसारखा ठेका, निवांत भाव, मग मार्लेच असणार, असा हिशेब. मार्ले यांचं निधन मे १९८१ मध्ये, म्हणजे गाणं येण्याच्या सात वर्षं आधी झालं होतं. फाइलच्या नावातली ती चूक अजून पुरती पुसली गेलेली नाही. ‘बॉब मार्लेचं ते आनंदी गाणं’ म्हणून मॅकफेरिन यांचं काम आजही शेअर होतं. नाव लिहिणारा कोण, यावर बरंच काही ठरतं ते असं.

शब्दांत नसलेलं नाव येतं कुठून?

पाश्चात्त्य संगीतात गाण्याचं शीर्षक ही स्वतंत्र गोष्ट असते. चित्राला किंवा कादंबरीला नाव द्यावं तसं गीतकार ते देतो. क्वीन बँडच्या १९७५ मधल्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’त हे दोन्ही शब्द कुठेच नाहीत. ऱ्हॅप्सडी हा संगीतरचनेचा प्रकार आहे, म्हणजे एखाद्या अभंगाला ‘भटक्याचा अभंग’ असं नाव द्यावं तसं ते. ‘अनचेन्ड मेलडी’ या नावाला तर कथानकाचाही आधार नाही. १९५५ मध्ये ‘अनचेन्ड’ नावाचा तुरुंगावरचा सिनेमा आला. त्यातली धून म्हणून हे नाव. सिनेमा लोक विसरले, विरहाचं गाणं उरलं. १९९० च्या ‘घोस्ट’ सिनेमामुळे ते आपल्याकडेही पोहोचलं, पण त्यात साखळदंड कुठून आले हे कुणी विचारत नाही.

निर्वाणा बँडच्या १९९१ मधल्या ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ची कथा सगळ्यांत मजेशीर. कर्ट कोबेनच्या एका मैत्रिणीने भिंतीवर गमतीने लिहिलं होतं की कर्टला ‘टीन स्पिरिट’चा वास येतो. कोबेनला ती बंडाची घोषणा वाटली. ‘टीन स्पिरिट’ हे मुलींसाठीच्या डिओडरंटचं नाव आहे, हे त्याला नंतर कळलं. तोवर गाण्याचं नाव पक्कं झालं होतं. गाण्यात हे शब्द नाहीतच.

मराठीत मुळात नावच नसायचं

मराठी गाण्याची गोष्ट वेगळ्या ठिकाणाहून सुरू होते. अभंगाला शीर्षक नसतं. ओवीला नसतं, गौळणीला नसतं, भारुडालाही क्वचितच असतं. अभंग ओळखायचा तो पहिल्या शब्दांवरून. भजनात बुवा पहिले दोन शब्द उचलतात आणि टाळकरी पुढचं जोडतात. पुस्तकात शोधायचा तर शेवटी दिलेल्या अकारविल्ह्यात. १८६९ ते १८७३ या काळात मुंबईत सरकारी मदतीने तुकारामांच्या गाथेची प्रसिद्ध आवृत्ती निघाली. तिच्यात आणि नंतरच्या गाथांमध्येही अभंगांना क्रमांक आहेत, नावं नाहीत.

यात एक बारकावा आहे. छापील गाथेत बहुतेक अभंगांत ‘ध्रु.’ ही खूण पहिल्या नव्हे तर दुसऱ्या चरणाला असते. ध्रुवपद म्हणजे पुन्हापुन्हा म्हणायची ओळ. ‘सुंदर ते ध्यान’ हा अभंग सगळ्यांना याच नावाने माहीत आहे, पण छापील गाथेत घोळून म्हणायची ओळ म्हणून खूण केलेली आहे ती त्यानंतरची, तुळशीहाराची आणि पितांबराची. म्हणजे ओळख एका ओळीने आणि आवर्तन दुसरीचं. शीर्षक आणि हुकलाइन यांच्यातलं अंतर आपल्याकडे गाथेच्या पानावरच आहे, फक्त त्याला कुणी घोळ म्हटलं नाही. आज लोकप्रिय ध्वनिमुद्रणांत पहिलीच ओळ घोळवली जाते, त्यामुळे हे अंतर ऐकणाऱ्याला जाणवतही नाही.

नाव सुरुवातीला नाही, तर सही मात्र शेवटी. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ ही नाममुद्रा म्हणजे गाण्याच्या आत शिवलेली कर्त्याची नोंद. आजच्या भाषेत मेटाडेटा. फाइलचं नाव कुणीही बदलू शकतो, पण शेवटच्या चरणात गुंफलेलं नाव काढायचं तर छंदच मोडतो.

श्रीगोंद्याला हे वेगळं सांगायला नको. गावाचं ग्रामदैवत असलेले संत शेख महंमद महाराज हे स्वतः याच परंपरेतले कवी. सोळाव्या-सतराव्या शतकातला त्यांचा काळ. तेव्हा गावाला चांभारगोंदे म्हणत. ‘योगसंग्राम’, ‘पवनविजय’, ‘निष्कलंक प्रबोध’ हे त्यांचे ग्रंथ आणि त्याशिवाय अभंग. मालोजीराजे भोसले यांचं नाव त्यांच्याशी जोडलं जातं. आपण जन्माने कोण आणि हृदयात कोण, हे एका यमकात सांगणारी त्यांची ओळ महाराष्ट्रभर पोहोचली आहे. शाळेच्या फळ्यापासून भाषणांपर्यंत ती सर्वत्र येते, कारण तिच्यात त्यांची स्वतःची नाममुद्राच आहे. ‘योगसंग्राम’ हे ग्रंथाचं नाव मात्र अभ्यासक आणि स्थानिक भाविक यांच्या पलीकडे फार कमी जणांना माहीत असतं. ओळ गावोगाव फिरली, शीर्षक गावात राहिलं.

संगीत नाटकांनी तर याहून पुढची कमाल केली. अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत सौभद्र’ १८८२ मध्ये रंगभूमीवर आलं. अशा नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून दुसऱ्याच, आधी लोकप्रिय असलेल्या गाण्याचे शब्द छापलेले असत. म्हणजे पदाच्या वर जे नाव दिसायचं ते त्या पदाचं नव्हेच! गायकाला शब्दांपेक्षा सूर कळणं महत्त्वाचं होतं. पुढे ७८ आरपीएमच्या तबकड्या आल्या. त्यांच्या मधल्या गोल कागदावर जागा थोडी, म्हणून पहिले तीन-चार शब्द छापायचे आणि खाली गायकाचं नाव. रेडिओच्या निवेदकांनीही तीच पद्धत उचलली. मराठी माणसाच्या डोक्यात ‘गाण्याचं नाव म्हणजे मुखडा’ हे समीकरण बसलं ते इथून.

मग शीर्षक आलं कवितेतून

एकोणिसाव्या शतकात मासिकं निघू लागली, इंग्रजी कवितेचा अभ्यास वाढला आणि कवितेला स्वतंत्र शीर्षक देण्याची रीत रुळली. केशवसुतांची १८९३ मधली ‘तुतारी’ हे ठळक उदाहरण. अशा कविता पुढे गाण्यात किंवा पाठांतरात गेल्या की शीर्षक गळून पडतं.

सावरकरांनी १९०९ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या किनाऱ्यावर लिहिलेल्या कवितेचं शीर्षक आहे ‘सागरास’. मंगेशकर भावंडांच्या आवाजातलं ते गाणं लोक ‘ने मजसी ने’ म्हणून मागतात, नाहीतर सागराला घातलेल्या त्या आर्त हाकेवरून. ‘सागरास लावा’ असं कुणी म्हणाल्याचं ऐकिवात नाही. कुसुमाग्रजांची ‘कणा’ घ्या. पुरात सगळं गमावलेल्या विद्यार्थ्याने गुरुजींना दारात विचारलेला पहिला प्रश्न किंवा शेवटी मागितलेला आशीर्वाद, यांवरून ती ओळखली जाते. शीर्षकातला शब्द शेवटाकडे येतो आणि तोच कवितेचा गाभा आहे. बालकवींच्या ‘औदुंबर’मध्ये तर आठ ओळी आहेत आणि झाडाचं नाव अगदी शेवटी येतं. पाठ असते ती दोन्ही तटांची पहिली ओळ. इथे मात्र कवीचा डाव साफ दिसतो. शीर्षक वाचून तुम्ही झाड शोधत राहता आणि ते पाण्यात पाय सोडून शेवटी भेटतं. शीर्षक काढलं की ही वाट पाहणंच संपतं.

गदिमांच्या गाण्यांत दुसरीच गंमत दिसते. ‘प्रपंच’ (१९६१) चित्रपटातलं ‘विठ्ठला तू वेडा कुंभार’ प्रत्यक्षात सुरू होतं ते फिरत्या चाकापासून. ‘गीतरामायणा’तलं ‘पराधीन आहे जगती’ सुरू होतं ते भरताला नियतीबद्दल दिलेल्या समजावणीपासून. पहिल्या ओळीचा नियम इथे लोकांनीच मोडला आणि अर्थाने भारी असलेली दुसरी ओळ नाव म्हणून निवडली. म्हणून जुन्या गीतसंग्रहात किंवा अकारविल्ह्याने लावलेल्या यादीत ‘वि’खाली शोधणाऱ्याला कुंभार सापडत नाही. तो ‘फि’खाली असतो.

‘झिंगाट’ने नियम उलटवला

गेल्या दोन दशकांत मराठी चित्रपटगीतांची नावं मुखड्यावरून सरळ हुकलाइनवर आली. ‘नटरंग’ (२०१०) मधली ‘वाजले की बारा’ आणि ‘अप्सरा आली’ ही गुरू ठाकूर यांची गाणी घ्या. पहिलं सुरू होतं चैत्र पुनवेच्या रात्रीपासून, दुसरं कोमल कायेच्या वर्णनापासून. जुन्या पद्धतीने त्यांची नावं तीच झाली असती. २०१६ च्या ‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ छातीतल्या धडधडीपासून सुरू होतं, पण अल्बमवर नाव आहे ते एका शब्दाचं. अजय-अतुल यांनी हा शब्द असा बसवला की २०१८ मध्ये ‘धडक’साठी हिंदी गाणं लिहिताना बाकी शब्द बदलले, ‘झिंगाट’ तसाच राहिला.

कारण साधं आहे. मोबाइलच्या पडद्यावर गाण्याच्या नावाला फार तर दोन-तीन शब्दांची जागा असते. लोक जे गुणगुणतात तेच टाइप करतात. नाव आणि हुकलाइन एक असेल तर गाणं पटकन सापडतं. पॉप संगीताच्या बाजाराने शिकवलेला हा धडा मराठीने बऱ्यापैकी लवकर घेतला.

तरी मराठीची एक अडचण कायम आहे. शोध बहुतेकदा रोमन लिपीत होतो. ‘झिंगाट’मध्ये ए एक की दोन? ‘वाजले’ व्ही ने की डब्ल्यू ने? ‘ळ’ला तर रोमनमध्ये धड अक्षरच नाही. ‘याड लागलं’ रोमनमध्ये लिहिलं की हिंदी ‘याद’च्या गर्दीत जाऊन बसतं. देवनागरीत टाइप केलं तर हा त्रास बराच कमी होतो, पण तेवढे कष्ट घेणारे कमी.

यात पैशाचा प्रश्न कुठे येतो?

गाण्याचं नाव चुकलं तर ऐकणाऱ्याचं फार तर पाच मिनिटांचं नुकसान. लिहिणाऱ्याचं मात्र मानधन जाऊ शकतं.

कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चित्रपटगीताचे हक्क निर्मात्याकडे गेले तरी गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा त्यांच्याकडेच राहतो. तो सही करून निर्मात्याला किंवा म्युझिक कंपनीला देऊन टाकता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करण्याचं काम भारतात ‘आयपीआरएस’ ही १९६९ मध्ये स्थापन झालेली संस्था करते. गाणं कुठे वाजलं याच्या याद्या येतात, त्या नोंदवलेल्या गाण्यांशी जुळवल्या जातात आणि जुळलं तर पैसे पोहोचतात. अडचण असते ती या ‘जुळलं तर’मध्ये.

गोंधळ टाळण्यासाठी दोन आंतरराष्ट्रीय क्रमांक आहेत. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा ‘आयएसआरसी’ आणि मूळ रचनेला ‘टी’ने सुरू होणारा ‘आयएसडब्ल्यूसी’. एकाच रचनेची दहा ध्वनिमुद्रणं असली तर पहिल्या प्रकारचे क्रमांक दहा, दुसऱ्या प्रकारचा एकच. क्रमांक असेल तर नाव काहीही असलं तरी चालतं. मोठ्या कंपनीचं गाणं या यंत्रणेत आपोआप बसतं. तालुक्याच्या गावात बसून लग्नाची, यात्रेची, शेतीची गाणी लिहिणाऱ्या आणि ती ओळखीच्या स्टुडिओत रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणाऱ्या माणसाचं तसं नसतं. त्याचं गाणं चाललं की दुसरं कुणी ते हुकलाइनच्या नावाने उचलतं, ‘डीजे मिक्स’ जोडतं आणि पुन्हा अपलोड करतं. आता नाव वेगळं, स्पेलिंग वेगळं आणि गीतकाराचं नाव कुठेच नाही. मॅकफेरिन यांच्याकडे निदान ग्रॅमी होतं.

वरातीबद्दल मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. लग्न, वरात आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभात गाणी वाजवण्यासाठी रॉयल्टी द्यावी लागत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये ती सूट आहे आणि केंद्राच्या उद्योग विभागाने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून ते पुन्हा स्पष्ट केलं होतं. त्यामुळे बँडवाल्याकडे किंवा वधूपित्याकडे कुणी ‘लायसन्स फी’ मागितली तर आधी हे कलम दाखवावं.

नाव आठवत नाही, मग शोधायचं कसं?

शॅझम २००२ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालं तेव्हा ॲप नव्हतंच. २५८० हा क्रमांक फिरवून फोन स्पीकरसमोर धरायचा, थोड्या वेळाने गाण्याचं नाव एसएमएसने यायचं. त्यामागचं तंत्र अजून तेच आहे. आवाजातल्या ठळक बिंदूंचा नकाशा काढायचा, त्यांच्या जोड्या करायच्या आणि साठ्यातल्या नकाशांशी ताडून पाहायच्या. शब्द, भाषा, नाव यांच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणूनच ते मूळ ध्वनिमुद्रण अचूक ओळखतं, पण वरातीतल्या बँडने क्लॅरिनेटवर वाजवलेलं तेच गाणं त्याला बहुधा ओळखता येत नाही. नकाशाच बदललेला असतो.

तिथे गुगलची ऑक्टोबर २०२० मध्ये आलेली गुणगुणून शोधण्याची सोय उपयोगी पडते. तिला दहा-पंधरा सेकंद गुणगुणलेलं किंवा शिट्टीत वाजवलेलं चालतं, कारण ती आवाजाचा पोत बाजूला ठेवून फक्त चालीची चढउतार बघते. संगीत नाटकवाल्यांनी पदावर ‘चाल’ छापली त्यामागचा विचार यापेक्षा फार वेगळा नव्हता. अभंगांच्या बाबतीत मात्र जपून. एकाच चालीवर अनेक अभंग म्हणण्याची आपली रीत असल्याने तुम्ही एक गुणगुणता आणि ॲप दुसराच दाखवतं. असा वेळी देवनागरीत कोणत्याही ओळीचे तीन-चार शब्द अवतरणचिन्हांत टाकून शोधलेले बरे. जुन्या मराठी गाण्यांसाठी ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ अजूनही भरवशाचं आहे. तिथे गायकाबरोबर गीतकार आणि संगीतकारही मिळतात. फक्त तिथे शोधताना आधी पहिली ओळ आठवायची, हुकलाइन नंतर.

स्वतः गाणी लिहिणाऱ्यांसाठी सोय याहून सोपी आहे. रचनेची नोंद करताना मुख्य शीर्षकासोबत पर्यायी शीर्षकंही देता येतात. मुखडा, हुकलाइन आणि रोमनमधली दोन-तीन प्रचलित स्पेलिंगं, सगळी तिथे लिहावीत. अपलोडच्या वर्णनात पहिल्या ओळीत गीतकाराचं नाव असावं. आणि शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफता आलं तर त्याला कोणतंही सॉफ्टवेअर लागत नाही. अनेक शाहीर आणि लोकगीतकार अजूनही तेच करतात. त्यांची गाणी कुणी कोणत्याही नावाने अपलोड केली, तरी शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकलं की कर्ता कोण ते कळतं.